चार वर्षं नांगर घातला नाही, अहवालात स्फुरद ‘जास्त’, मग सोयाबीन खुजं का?

वाफसा | ८ ऑक्टोबर २०२४, रात्री ९.१०

राम राम मंडळी. औसा तालुक्यात आमची सहा एकर जमीन. मध्यम काळी, दोन-अडीच फुटांखाली मुरूम लागतो. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा. विहिरीला हरभऱ्यापुरतं एखादं पाणी निघतं, तेवढंच.

२०२१ च्या उन्हाळ्यात दोन एकरांत साडेचार फुटी कायमच्या गाद्या (उंच वाफे) पाडल्या. तेव्हापासून तिथं नांगर नाही, रोटाव्हेटर नाही. टोकणयंत्रानं पेरायचं, तण तणनाशकावर आणि खुरप्यावर, सोयाबीन कापलं की धसकटं जागच्या जागी. उरलेले चार एकर पहिल्यासारखेच चालतात: उन्हाळी नांगरट, मोगड्याच्या (फणाच्या औजाराच्या) दोन पाळ्या, मग पाभरीनं पेरणी.

पहिली दोन वर्षं गाद्यांनी नाव राखलं. माती मऊ झाली, ढेकूळ फोडलं की गांडुळं दिसायची, नांगरटीचे पैसे वाचले. पण २०२३ च्या ऑगस्टात पावसानं दडी मारली तेव्हा गादीवरचं सोयाबीन नांगरटीच्या रानापेक्षा वीतभर बुटकं राहिलं. यंदा पाऊस चांगला होता, तरी पहिला महिना-सव्वा महिना तेच. पानं बारीक, रंग मात्र गर्द हिरवा, पिवळेपणा अजिबात नाही. पुढं भरून आलं, पण उतार एकरी दीड क्विंटलनं कमी.

माती तपासली. स्फुरद (फॉस्फरस) २९, शेरा ‘जास्त’. आता वडील म्हणतात, जमीन आवळली आहे, नांगर घाल. मला गाद्या मोडायच्या नाहीत. जाणकारांना दोन प्रश्न. स्फुरद जास्त आहे तर डीएपी (स्फुरद-नत्राचं खत) बंद करू का? आणि स्फुरद जास्त असूनही रोप खुजं का राहतं?

---

शिवारफेरी | ८ ऑक्टोबर, रात्री ९.४२

वडिलांचं ऐका भाऊ. काळ्या जमिनीला तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट लागतेच. आमच्याकडे वाशीमला तसंच करतात. ऊन खाल्लेली माती आणि न खाल्लेली माती यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

---

दोनचाडी | ८ ऑक्टोबर, रात्री १०.१५

नांगरापर्यंत जाण्याआधी तीन गोष्टी सांगा.
मातीचा नमुना किती खोलीपर्यंतचा घेतला होता?
डीएपी कसं देता?
आणि अहवालात स्फुरद ‘पी’ (निव्वळ स्फुरद) म्हणून लिहिलंय की ‘पी२ओ५’ (त्याचं ऑक्साइड) म्हणून?

---

वाफसा | ९ ऑक्टोबर, सकाळी ६.३०

@दोनचाडी, नमुना खुरप्यानं घेतला होता. गादी टणक नव्हती, तरी फार खोल गेलो नाही. तीन बोटं असेल. डीएपी एकरी एक पोतं, टोकणीच्या आदल्या दिवशी गादीवर हातानं फेकतो. अहवालात ‘पी’ आहे, किलो प्रति हेक्टर.

---

दोनचाडी | ९ ऑक्टोबर, दुपारी १.०५

मला वाटलंच होतं. दादा, तुमच्या रानात स्फुरद आहे, पण तो माळ्यावर ठेवलेला आहे आणि पोरं खाली जेवायला बसली आहेत.

सविस्तर लिहितो. नत्र पाण्यात विरघळून पाण्याबरोबर हलतं. युरिया वर टाकला तरी पाऊस त्याला मुळापर्यंत नेतो, कधीकधी मुळाच्याही खाली नेतो. स्फुरदाचं तसं नाही. दाणा जिथं पडला तिथून तो सगळ्या हंगामात काही मिलिमीटरच सरकतो. त्यात आपल्या जमिनी चुनखडीच्या, सामू (पीएच) साडेसात-आठच्या वर. डीएपीचा दाणा विरघळला की त्यातला स्फुरद चुन्याशी जखडायला लागतो आणि दिवसेंदिवस जास्त घट्ट होत जातो. म्हणून टाकलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाला साधारण १५ ते २० टक्केच मिळतो. बाकीचा वाया जात नाही, जमिनीतच राहतो, पण जिथं टाकला तिथंच राहतो.

नांगरटीच्या रानात वर पडलेलं खत दरवर्षी सहा-आठ इंचांपर्यंत कालवलं जातं. तुम्ही कालवणं थांबवलंत, फेकणं चालू ठेवलंत. शिवाय पिकाची मुळं खालून स्फुरद वर ओढतात, तो पाल्यात जातो आणि पाला गादीवर पडून कुजतो. म्हणजे खालचा माल रिकामा होतो आणि वर ढीग लागतो. चार वर्षांत वरच्या दोन इंचांत गर्दी आणि त्याखाली दुष्काळ.

आता २०२३ चा ऑगस्ट आठवा. पाऊस थांबला की पहिली सुकते ती वरची दोन इंचच. कोरड्या मातीत मूळ चालत नाही, स्फुरदही हलत नाही. ओल चार इंचांखाली होती आणि स्फुरद वर होता. दोघांची गाठ पडली नाही.

गर्द हिरवं, बारीक पान, पिवळेपणा नाही, ही सोयाबीनमधली स्फुरदाच्या कमतरतेची खूण आहे. मका-ज्वारीसारखा जांभळेपणा सोयाबीनवर सहसा दिसत नाही, म्हणून लोक फसतात.

आणि ‘पी’ला २.२९ नं गुणलं की ‘पी२ओ५’ होतं. खताच्या पोत्यावर ‘पी२ओ५’ असतं, अहवालात बहुतेक वेळा ‘पी’. हे न कळल्यामुळे कितीतरी जण अहवालाचा उलटा अर्थ लावतात.

माझं म्हणणं: दोन दिवस काढून थरवार नमुने घ्या. ० ते २ इंच, २ ते ६ इंच, ६ ते १२ इंच, तिन्ही वेगळे. गाद्यांचे आणि नांगरटीच्या रानाचे, दोन्हीकडचे.

---

माळवं | ९ ऑक्टोबर, दुपारी १.४०

“माळ्यावर ठेवलेला आहे आणि पोरं खाली जेवायला बसली आहेत” हे मी आज जाऊबाईंना वाचून दाखवलं. एका झटक्यात समजलं त्यांना.

---

गांडूळमित्र | ९ ऑक्टोबर, सायंकाळी ७.२०

दोनचाडी, मातीतले जिवाणू आणि बुरशी तुमच्या हिशोबात धरलेच नाहीत. मूळ एकटं काम करत नाही. मायकोरायझा नावाची बुरशी मुळात शिरून बाहेर केसापेक्षा बारीक धागे सोडते. मूळ जिथं पोचत नाही तिथून ती स्फुरद आणून देते. सोयाबीन, हरभरा, तूर, ज्वारी, मका ही सगळी पिकं तिच्यावर अवलंबून आहेत. नांगराच्या प्रत्येक फेरीला हे जाळं तुटतं. चार वर्षांत वाफसादादांच्या गाद्यांत ते जाळं तयार झालंय आणि तुम्ही त्यांना पुन्हा माती उकरायला लावताय.

पीएसबी (स्फुरद सोडवणारे जिवाणू) लावा. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम, सोबत रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र देणारे जिवाणू). जमिनीत स्फुरदाचा साठा प्रचंड आहे, तो सोडवायला जिवाणू आहेत. बाहेरचं पोतं कशाला?

---

दोनचाडी | ९ ऑक्टोबर, रात्री ८.५५

@गांडूळमित्र, बुरशीबद्दल तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. माती उकरा असं मी कुठंच म्हटलेलं नाही, नमुना घ्या म्हटलंय.

पीएसबी मीही लावतो. पण जिवाणू स्फुरद बनवत नाहीत, असलेला सोडवतात, आणि चुनखडीच्या जमिनीत सोडवलेला पुन्हा जखडतो. हिशोब मांडून बघा. एक क्विंटल सोयाबीन घरी आणलं की त्यात साधारण सव्वा ते दीड किलो पी२ओ५ रानाबाहेर जातं. एकरी आठ क्विंटल धरलं तर दहा-बारा किलो. डीएपीच्या एका पोत्यात २३ किलो असतं. म्हणजे वाफसादादा काढतात त्यापेक्षा जास्त घालतात. त्यामुळे खत कमी करता येईल, हे तुमचं मला मान्य. पण एकदम शून्य केलं आणि दाणे विकत राहिलो, तर ते साठ्यातून उचलणं झालं. साठा मोठा असला तरी तो कधीतरी तळ दाखवतो.

---

गांडूळमित्र | ९ ऑक्टोबर, रात्री ९.३०

शेणखत घाला की. त्यातही स्फुरदच आहे. शेणखत कुजताना जी आम्लं निघतात ती चुन्याला धरून ठेवतात, मग स्फुरद मोकळा राहतो. आमच्याकडे सिंगल सुपर फॉस्फेट शेणखतात मिसळून महिनाभर मुरवतात आणि मग देतात.

---

दोनचाडी | ९ ऑक्टोबर, रात्री ९.३८

हे शंभर टक्के मान्य. शेणखतात मुरवून देणं ही आपल्या जमिनीला सगळ्यात जमणारी पद्धत आहे. अडचण एकच, गोठे रिकामे झालेत.

---

शिवारफेरी | ९ ऑक्टोबर, रात्री १०.०२

तो मुद्दा मात्र काळजाला लागला. आमच्या गल्लीत दहा वर्षांपूर्वी अकरा बैलजोड्या होत्या. आज एक. ट्रॅक्टर शेण देत नाही.

---

भातखाचर | १० ऑक्टोबर, सकाळी ७.५०

कर्जतहून लिहितोय. आमच्याकडे गेली सहा वर्षं एसआरटी, म्हणजे सगुणा राईस तंत्र. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी हे रुजवलं. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही, कायमच्या गादीवाफ्यावर भात टोकायचा. वाफसादादांच्या गाद्या त्याच घराण्यातल्या दिसतात.

आमची गोष्ट तुमच्या उलट आहे. कोकणची तांबडी माती आम्लधर्मी. इथं स्फुरदाला चुना धरत नाही, लोह आणि अॅल्युमिनियम धरतं. चिखलणी करून खाचरात पाणी उभं केलं की हवा कोंडते, लोह आपलं रूप बदलतं आणि त्यानं धरलेला स्फुरद थोडा सुटतो. पाण्यातल्या भाताला म्हणून स्फुरदाची टंचाई कमी जाणवते. एसआरटीत पाणी उभं राहत नाही, तेव्हा ही सोय जाते. पहिल्या वर्षी माझी रोपं जरा मागे होती ती त्यामुळेच असावीत असं मला वाटतं. पुढं जुन्या मुळांच्या पोकळ वाटा तयार झाल्या, नवी मुळं त्याच वाटांनी खाली उतरायला लागली. आता खंडी मोजताना चिखलणीच्या भाताची आठवण येत नाही.

एक विनंती. आमचा आणि तुमचा अहवाल एकाच मापानं वाचू नका. स्फुरद मोजायला काळ्या, चुनखडीच्या जमिनीला ओल्सेनची पद्धत, आमच्या आम्ल मातीला ब्रेची. प्रयोगशाळेला सामू माहीत असतो, पण आपण विचारून घेतलेलं बरं.

---

पोतंभर | १० ऑक्टोबर, सकाळी ९.१५

तुम्ही सगळे डीएपी कुठं टाकायचं यावर बोलताय. आधी मिळू तर द्या! काल तालुक्याला गेलो. दुकानदार म्हणाला डीएपी आहे, पण सोबत नॅनो खताची बाटली आणि कसल्यातरी दाणेदार औषधाची पिशवी घ्यावी लागेल. १३५० च्या पोत्याला १९०० मोजून आलो. हे लिंकिंग बेकायदेशीर आहे हे त्यालाही माहीत, मलाही माहीत. पण पेरणी थांबत नाही ना.

---

दोनचाडी | १० ऑक्टोबर, सकाळी १०.४०

@पोतंभर, पक्की पावती मागा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. चार जण मिळून गेलात तर जास्त बरं.

आणि डीएपीच हवं असा हट्ट सोडा. तीन पोती सिंगल सुपर फॉस्फेट म्हणजे २४ किलो पी२ओ५, वर १६ किलोच्या आसपास गंधक फुकट. सोयाबीन हे तेलबियांचं पीक, त्याला गंधक मानवतं. डीएपीतलं ९ किलो नत्र भरून काढायला २० किलो युरिया पुरतो. डीएपीसाठी आपण बाहेरच्या देशांवर किती अवलंबून आहोत बघा. जगातल्या खडक-फॉस्फेटच्या साठ्याचा मोठा भाग एकट्या मोरोक्कोकडे आहे. आपल्याकडे उदयपूरजवळ झामरकोटड्याची खाण आहे, पण तिनं देशाची भूक भागत नाही. चीननं हात आखडला की आपल्या तालुक्याच्या दुकानात रांग लागते.

---

पोतंभर | १० ऑक्टोबर, सकाळी ११.०५

तीन पोती वाहायला माझी मोटारसायकल पुरत नाही, एवढीच अडचण. पण गंधकाचं डोक्यात घेतलं.

---

टूवूम्बाकर | १० ऑक्टोबर, दुपारी ३.३०

नमस्कार. मूळ गाव परभणी, गेली बारा वर्षं ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला असतो, शेती सल्ल्याचं काम करतो. हा धागा वाचून राहवलं नाही, कारण इथं डार्लिंग डाउन्सला जमीन अगदी आपल्यासारखी: काळी, चिकण, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. इथले शेतकरी कित्येक वर्षांपासून विनानांगरणी करतात. आणि नेमकी हीच अडचण त्यांना आली. वरचा थर भरलेला, चार ते बारा इंचांचा थर स्फुरदानं रिकामा. इथं पीक साठलेल्या ओलीवर येतं, आपल्या रब्बीसारखं. वर कोरडं पडलं की मुळं खालून पाणी पितात, पण खाली जेवण नाही.

त्यांनी काय केलं? नांगर परत आणला नाही. जाड फणानं साधारण २० सेंटिमीटर खोल, ठरावीक अंतरावर, स्फुरदाची पट्टी एकदा सोडली. स्फुरद हलत नाही हा त्याचा दोष इथं गुण ठरतो: खाली ठेवला की तोही तिथंच राहतो. एकदा दिलेल्या पट्टीचा परिणाम पुढची बरीच पिकं दिसतो. बाकी सगळं विनानांगरणीच.

@गांडूळमित्र, तुमच्या बुरशीचं उत्तम उदाहरणही इथलंच आहे. रान लांब काळ पडीक, तणमुक्त ठेवलं की पुढचं पीक खुजं राहतं. याला इथं लांब पडीकाचा आजार म्हणतात. कारण सापडलं ते असं, की यजमान पीक नसल्यानं मायकोरायझा उपाशी मरते आणि पीक स्फुरद, जस्त उचलू शकत नाही. त्यामुळे दादा, उन्हाळ्यात रान मोकळं राहणारच, पण खरीप-रब्बी दोन्ही घेताय हे चांगलं आहे. मोहरी, कोबी, बीट यांच्या मुळांत ही बुरशी राहत नाही, त्यांच्यामागून सोयाबीन घेतलं तर लक्ष ठेवा.

वाफसादादांना एक सूचना. खोल पट्टी करून बघणार असाल तर तीन प्रकार ठेवा. एक नेहमीप्रमाणे, एक खोल खताचा, आणि एक नुसता फण फिरवलेला, खत वरच दिलेला. तिसरा ठेवला नाही तर फरक खतामुळे पडला की माती सैल झाल्यामुळे, हे कधीच कळणार नाही. वडिलांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच मिळेल.

---

शिवारफेरी | १० ऑक्टोबर, दुपारी ४.१०

फण २० सेंटिमीटर घालायचा आणि म्हणायचं नांगरलं नाही! बाकी तिसऱ्या प्रकाराची कल्पना आवडली. मीही करून बघतो.

---

माळवं | ११ ऑक्टोबर, रात्री ९.००

मी सोलापूरकडची, माहेर-सासर दोन्हीकडे शेतीच. खताचं तुम्ही बोललात, मी पिकांचं बोलते.

लहानपणी आजी थंडीत पहाटे हरभऱ्याच्या रानात पांढरं धोतर अंथरायची. दव आणि हरभऱ्याची आंब त्यात मुरायची, मग ते पिळून बाटलीत भरायची. पोटदुखीवर तिचं हुकमी औषध. रानातून अनवाणी गेलो की पायाला चणचण व्हायची. ही आंब म्हणजे पानांनी सोडलेलं आम्ल. कृषी पदविकेला गेल्यावर कळलं की हरभरा मुळांतूनही असंच आम्ल सोडतो आणि काळ्या जमिनीत चुन्यानं धरलेला स्फुरद स्वतःपुरता सोडवून घेतो. तूर दुसऱ्या वाटेनं जाते. तिच्या मुळातून पिसिडिक आम्ल निघतं, ते लोहानं धरलेला स्फुरद सोडवतं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमधल्या संशोधकांनी हे १९९० मध्ये जगापुढं मांडलं. तांबड्या माळावर बाकी काही येत नाही तिथं तूर का येते, याचं एक कारण हे.

म्हणून वाफसादादा, सोयाबीनमध्ये तुरीची ओळ घालता का? तिचं मूळ खोल जातं, खालचं वर आणतं, पालाही भरपूर गाळते. आमच्या आजीला यातलं रसायन ठाऊक नव्हतं, पण ज्वारीनंतर हरभरा, माळावर तूर, हा फेर तिनं कधी चुकवला नाही.

---

गांडूळमित्र | ११ ऑक्टोबर, रात्री ९.२५

माळवंताई, दंडवत.

---

भातखाचर | ११ ऑक्टोबर, रात्री ९.४०

आंब कधी पाहिली नाही. कोकणात हरभरा होत नाही फारसा. एकदा या थंडीत तुमच्याकडे येऊन बघायला हवी.

---

माळवं | ११ ऑक्टोबर, रात्री ९.५२

या की. डिसेंबरात या, हुरडाही होईल.

---

वाफसा | २१ ऑक्टोबर, रात्री ८.१५

उशिरा लिहितोय, काढणी-मळणी चालू होती. थरवार नमुन्यांचा अहवाल आला. कृषी विज्ञान केंद्रातल्या ताईंनी सहा पिशव्या बघून विचारलं, “एकाच शेताचे एवढे?” मग त्यांनीही रस घेतला. स्फुरद, पी, किलो प्रति हेक्टर:

गाद्या: वरची २ इंच ३३, मग ६ इंचांपर्यंत १२, मग फुटापर्यंत ६.
नांगरटीचं रान: वरची २ इंच १९, मग ६ इंचांपर्यंत १७, मग फुटापर्यंत ८.

दोनचाडी म्हणाले तेच निघालं. मी रात्री कागद घेऊन बसलो. वरच्या सहा इंचांची सरासरी काढली तर गाद्यांत १९ आणि नांगरटीत जेमतेम १८. म्हणजे माल दोन्हीकडे सारखाच. फरक आहे तो कुठल्या फळीवर ठेवलाय याचा.

वडिलांना कागद दाखवला. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे आपण पाभरीच्या दुसऱ्या चाड्यातून खत सोडायचो ते बरोबरच होतं.” आमची जुनी दोन चाड्याची पाभर अजून गोठ्याच्या आढ्याला टांगलेली आहे. एका चाड्यात बी, दुसऱ्यात खत. खताचा फण बियाच्या फणापेक्षा दोन बोटं खाली असायचा. मी टोकणयंत्र आणलं आणि खत हातानं फेकायला लागलो, तिथंच गडबड झाली.

जस्तही बघितलं. गाद्यांत ०.४५ पीपीएम, आणि ०.६ च्या खाली म्हणजे कमतरता. वर स्फुरदाची गर्दी झाली की पीक जस्त नीट उचलत नाही, असं ताईंनी सांगितलं. एकरी दहा किलो झिंक सल्फेट द्यायला सांगितलंय, पण डीएपीत मिसळायचं नाही, वेगळं.

---

दोनचाडी | २१ ऑक्टोबर, रात्री ८.४०

वडिलांना माझा नमस्कार सांगा. माझं इथलं नाव त्याच पाभरीवरून घेतलंय.

---

टूवूम्बाकर | २२ ऑक्टोबर, पहाटे ४.०५

सुंदर आकडे आहेत हे. एका शेतकऱ्यानं स्वतः थर वेगळे करून नमुने दिले याचं मला फार कौतुक वाटतं. आता तीन प्रकार लावाच.

---

वाफसा | २८ ऑक्टोबर, रात्री ९.३०

लावले. नऊ फणी मोगड्याचे सहा फण काढले, तीनच ठेवले, गादीवर बसतील असे. फणाच्या मागून लोखंडी नळी वाकवून बसवली, वर नरसाळं. भाऊ ट्रॅक्टरवर, मी मागं बसून नरसाळ्यात डीएपी सोडत गेलो. नळी दोनदा मातीनं तुंबली. तार घालून मोकळी केली. फण सहा इंच उतरला, मी जागोजाग पट्टीनं मोजलं.

प्रत्येक प्रकाराला चार गाद्या, साधारण दोनशे फुटी, शेजारीशेजारी न घेता विखरून. खत सगळीकडे सारखंच, एकरी एक पोत्याच्या हिशोबानं. फक्त ठेवायची जागा वेगळी. धसकटं फारशी उचकटली नाहीत. फणाची रेघ तेवढी दिसते, बाकी गादी जशीच्या तशी. २६ तारखेला हरभरा टोकला, बियाण्याला रायझोबियम आणि पीएसबी लावून. गांडूळमित्र, तुमचंही ऐकलं.

---

गांडूळमित्र | २८ ऑक्टोबर, रात्री ९.४५

🙏 आता फोटो टाका अधूनमधून.

---

वाफसा | ५ डिसेंबर, सकाळी ७.००

चाळीस दिवस झाले. आज प्रत्येक प्रकारातली दोन-दोन झाडं पाणी ओतून हळूहळू खणून काढली. खोल खताच्या गादीत पाच-सहा इंचांवर मुळांचा झुपका झालाय, खताच्या रेघेभोवती अक्षरशः दाढीसारखा. नेहमीच्या गादीत बारीक मुळं वरच्या तीन इंचांतच दाटलेली आणि खाली एकटं सोटमूळ. मुळांवरच्या रायझोबियमच्या गाठी दोन्हीकडे गुलाबी आहेत, खोल खताकडे जास्त मोठ्या वाटल्या. वडील मुळं हातात घेऊन बराच वेळ उन्हात उभे होते.

माळवंताई, पायाला आंब लागायला लागली बरं का.

---

शिवारफेरी | ५ डिसेंबर, सकाळी ८.२०

दाढीचा फोटो पाहिजे!

---

पोतंभर | ६ डिसेंबर, दुपारी २.१५

लिंकिंगची तक्रार दिली, सहा जणांनी मिळून. पावती होती म्हणून ऐकून घेतलं. बाटलीचे पैसे परत मिळाले. दोनचाडी, तुमच्यामुळे.

---

वाफसा | २ मार्च २०२५, रात्री ८.५०

मळणी झाली. प्रत्येक प्रकाराच्या चार गाद्या मिळून वजन:

नेहमीप्रमाणे, खत वर: ६१ किलो.
फण फिरवला, खत वर: ६४ किलो.
फण फिरवला, खत सहा इंच खोल: ७१ किलो.

चार गाद्या म्हणजे सव्वातीन गुंठ्यांच्या आसपास. म्हणजे एकरी अंदाजे साडेसात, पावणेआठ आणि साडेआठ क्विंटल. एकच हंगाम, एकच शेत, डिसेंबरात एक पाणी दिलं होतं. त्यामुळे मी यावर फार मोठं बोलत नाही. पण माती सैल केल्यानं तीन किलो वाढले आणि स्फुरद खाली नेल्यानं आणखी सात, एवढं काट्यावर दिसलं. आवळलेल्या जमिनीची वडिलांची शंकाही अगदीच खोटी नव्हती.

---

दोनचाडी | २ मार्च, रात्री ९.१५

अभिनंदन! हिशोबाला लागतो. क्विंटलभर हरभरा वाढला, खर्च किती वाढला? डिझेल आणि एक दिवस. आणि ती पट्टी खरिपातही तिथंच असणार. जूनमध्ये सोयाबीन त्याच ओळींवर टोका, तेव्हा कळेल.

---

टूवूम्बाकर | ३ मार्च, पहाटे ५.२०

त्याच ओळींवर टोका आणि यंदा खत अर्धं करून बघा काही गाद्यांवर. वरच्या दोन इंचांत ३३ आहे, तो साठा पावसाळ्यात ओल असेल तेव्हा वापरलाच जाईल. खोल पट्टी दरवर्षी करायची गरज पडणार नाही, त्यामुळे गाद्या आणि बुरशी दोन्ही शाबूत राहतील.

---

माळवं | ३ मार्च, सकाळी १०.३०

आणि तुरीची ओळ?

---

वाफसा | ३ मार्च, रात्री ९.०५

तूर घेतोय ताई, दोन एकरांतल्या निम्म्या गाद्यांवर, चार ओळी सोयाबीन आणि दोन तूर. टोकणयंत्राला खताचा वेगळा फण बसवता येतो का ते विचारायला आज वडील स्वतः लोहाराकडे गेले होते. आढ्यावरची पाभर खाली काढून सोबत घेऊन गेले, माप दाखवायला. लोहार म्हणाला, अक्षयतृतीयेपर्यंत करून देतो.